पंधरा ते अठरा

“हात सैल सोड,” सिस्टर म्हणाली. खुर्चीतली मुलगी तिची स्वतःचीच होती, पण मागे रांग होती, म्हणून आवाज तिने रोजचाच लावला. सुई आत गेली, बाहेर आली. पंधरा ते अठरा वयोगटाच्या लसीकरणाचा आज पहिला दिवस होता आणि शाळेचं सभागृह पोरांनी गजबजून गेलं होतं.

या दिवसाची वाट पाहता पाहता वर्ष सरत आलं होतं. आधी परीक्षेनंतर म्हणाले, मग सुट्टीत, मग महिनाअखेरीस, तेही साठा आला तर. प्रत्येक परिपत्रक तिने घरी मोठ्याने वाचून दाखवलं होतं. लस होईपर्यंत आजोबांकडे जायचं नाही, हा दंडक तिनेच घातलेला. तिच्या वडिलांची तब्येत तोळामासा, धोका कोण पत्करणार? लेकीने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा तिची समजूत काढायला सिस्टर शब्द देऊन बसली: तुझी लस होईपर्यंत मीही जाणार नाही. खरं तर तिचे दोन्ही डोस झाले होते, वडिलांचेही. तिला कुणीच अडवलं नव्हतं. पण शब्द तिने पाळला. गेल्या महिन्यात वडील दुपारच्या झोपेतच गेले. साथीचा त्यात काहीच संबंध नव्हता.

तेव्हापासून लेक कामापुरतंच बोलायची. सिस्टरला ते वाजवीच वाटायचं.

लस घेतलेल्यांनी अर्धा तास बसायचं होतं. टेबल सहकारिणीवर सोपवून ती लेकीशेजारी जाऊन बसली.

“माझं चुकलं. तुला जाऊ द्यायला हवं होतं.”

मुलगी दंड चोळत राहिली.

“मी जात होते,” ती म्हणाली.

मग खाली मान घालून तिने सगळं सांगितलं. दर बुधवारी, आईची दुपारपाळी असली की. आजोबा खिडकीच्या आत, ही बाहेर पायरीवर, तोंडाला मास्क. ते शब्दकोडं वाचून दाखवायचे, ही उत्तरं द्यायची, आणि एखाद्या अक्षरावरून दोघांची जुंपायची. शेवटच्या बुधवारीही ती गेली होती.

सिस्टरला एकदम हायसं वाटलं. निदान हिची तरी भेट झाली. मग लक्षात आलं की राहिली ती आपणच.

“मला का नाही बोलावलं त्यांनी?”

“बोलावणार होते. मीच नको म्हटलं. त्यांच्या पोटात काही राहत नाही. तू समोर बसली असतीस, तर माझं येणं कळलं असतं. मग तू ते बंद केलं असतंस. मला वाटलं, महिन्याभराचाच तर प्रश्न आहे.”

सिस्टरला तिच्यावर रागावता येईना. दर रविवारी फोनवर तीही वडिलांना हेच, महिन्याभराचाच प्रश्न आहे म्हणून, सांगत आली होती, आणि ते पलीकडून नुसतं ‘बरं’ म्हणायचे.