जेरुशा पेलचं शेवटचं बोलणं

फाशी गुरुवारी होती आणि जेरुशा पेलचं शेवटचं बोलणं मंगळवारीच छापून व्हायला हवं होतं. त्या काळी बॉस्टनमध्ये यात कुणाला वावगं वाटत नसे. लोक फाशी बघायला जमले की तिथंच ते कागद विकले जायचे. दुसऱ्या दिवशी मेलेल्याच्या शब्दांना कोण विचारतो?

एलिफलेट थॉर्नच्या छापखान्यात मरणाऱ्याच्या तोंडची कवनं एलिफलेटची बायको केझाया रचायची. आजवर तिनं चाच्यांना रडवलं होतं, घोडेचोरांना देवाच्या पायाशी लोळवलं होतं, आणि तिची झोप कधी उडाली नव्हती. पण जेरुशा ओळखीची पडली. दर्यात नवरा गमावलेली ही मोलकरीण केझायाच्या दोन्ही बाळंतपणांत राबली होती, तिनं तिला मक्याची पेज भरवली होती.

जेरुशाला फाशी होती ती नुकतंच जन्मलेलं आपलं पोर मारलं म्हणून. सोमवारी केझाया तुरुंगात गेली.

"बाई, पोर मेलेलंच जन्मलं," जेरुशा म्हणाली. "लाजेपायी मी कुणाला हाक मारली नाही आणि एकटीनंच पुरलं. तेवढंच माझं पाप. कोर्टात माझी दातखीळ बसली. तुम्ही तरी खरं लिहा."

"लिहिते. छापलं की एक कागद तुला आणून दाखवते."

"माझी टॅबिथा आता वाचायला शिकतेय. मला अक्षर येत नाही, पण तिला येईल. आईनं तसलं काही केलं नाही, हे तिला कळू दे. मग मला लटकवा नाहीतर काय वाट्टेल ते करा."

केझायानं घरी येऊन तसंच लिहिलं. एलिफलेटनं वाचलं आणि कागद बाजूला सारला.

"अगं, गुन्हा कबूल न करता मरणारी बाई लोकांनी घेऊन करायचं काय? पाद्रीबाबा तिच्या पश्चात्तापावर प्रवचन देणार. त्यांनी हे पाहिलं तर आपल्या दारात कुत्रंसुद्धा फिरकणार नाही."

"अहो, पण ती खोटं बोलत नाही."

"नसेल. तिला वाचता थोडंच येतंय?"

बाईमाणूस असली तरी तोंड होतं, भांडता आलं असतं. पण केझाया भांडली नाही. तिनं नवं कवन रचलं, छपाईच्या अक्षराचा एकेक खिळा स्वतः जुळवला. पाचव्या ओळीत जेरुशानं आपल्या हातांनी लेकराचा गळा दाबला. वर चित्राचा ठोकळा जुनाच लावला. तो चाच्यासाठी कोरलेला, त्यामुळे फासावरच्या माणसाच्या अंगात विजार होती. त्याला कुणी कधी हरकत घेतली नव्हती.

बुधवारी ती एक कागद घेऊन तुरुंगात गेली, कारण तसा शब्द दिला होता. काळ्या चौकटीच्या त्या कागदावरून जेरुशानं हलकेच बोट फिरवलं.

"एवढं सगळं माझं?"

"तुझंच."

"पोर मेलेलं जन्मलं, ते कुठं लिहिलंय?"

केझायानं कुठंतरी बोट ठेवायचं म्हणून ठेवलं, आणि ते नेमकं पाचव्या ओळीवर पडलं. जेरुशानं ती ओळ दोनदा कुरवाळली आणि म्हणाली, "देव तुमचं भलं करो, बाई."

गुरुवारी प्रवचन संपलं. जेरुशाला शिडीवर चढवलं आणि काही बोलायचंय का म्हणून विचारलं. खाली केझाया कागदांचा गठ्ठा घेऊन उभी होती. जेरुशा आता ओरडून खरं सांगेल, अशी तिला धास्ती होती, आणि आतून तेच व्हावं असंही वाटत होतं.

"मला बोलायला जमत नाही," जेरुशा म्हणाली. "माझं सांगणं त्या कागदात आहे. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. एक कागद माझ्या लेकीला द्या." मग तिनं केझायाकडे बघून मान हलवली.

बघता बघता शिडी ओढली गेली.

गठ्ठा हातोहात संपला. असा खप वर्षभरात झाला नव्हता. केझायाला स्वतःची किळस आली आणि ती घाईनं घराकडे वळली, तेवढ्यात कुणीतरी तिचा झगा ओढला. टॅबिथा होती. कुणीतरी दयाळूपणानं तिला कागद दिला होता. रडून डोळे सुजले होते, तरी एकेक अक्षर लावत ती पाचव्या ओळीपर्यंत पोचली होती.

"बाई, हा शब्द मला लागत नाही. काय आहे हा?"

केझायानं तोंड फिरवलं. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं मात्र वाकून पाहिलं आणि पोरीला तो शब्द वाचून दाखवला.