एका डीपीवर एकोणीस गाड्या

सव्वीस वर्षं मी खांबावर चढतोय. आमच्या गावाला वीज देणारी डीपी मीच बसवली, नोकरीला लागलो त्या वर्षी. तेव्हा घरटी दोन दिवे आणि फार तर एक टीव्ही असायचा. आता प्रत्येक खोलीत हीटर आहे. डीपीतून तेल गळतंय, मोठी द्या, असं तीन वर्षं मी वर लिहून देतोय. वरचे म्हणतात, "नव्वाफ, चालतेय ना अजून? मग कशाला ओरडतोस?"

मला काळजी होती ती गावाची नव्हे, सायेलकाकांची. आमचा बाप लवकर गेला. मला आणि दैफल्लाभाऊला काकांनीच वाढवलं. चाळीस वर्षं फॉस्फेटच्या खाणीत काढल्यावर त्यांची फुफ्फुसं कामातून गेली. दोन वर्षांपासून नाकात नळी आणि शेजारी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. वीज गेली की मशीन बंद. मग शेजारच्या सिलिंडरवर नळी लावायची आणि मी खांबाकडे धावायचं. मागच्याच आठवड्यात वीज गेली आणि सिलिंडर जवळजवळ संपला. तो भरून आणायला खाली मआन शहरात जायचं होतं, पण पिकअप खुर्च्या आणायला हवी होती. "रविवारी नक्की आणतो," म्हणालो मी.

खुर्च्या हव्या होत्या त्या शुक्रवारच्या जाहासाठी, म्हणजे मागणीच्या बैठकीसाठी. दैफल्लाभाऊच्या मुलीला, आमच्या हनूफला, मागणी घालायला अम्मानहून मंडळी यायची होती. मुलगा कुतैबा विजेवरच्या गाड्या विकतो. विकतो म्हणजे काय, अख्ख्या भावकीला त्याने त्याच गाड्या गळ्यात मारल्या होत्या. जानेवारीचा महिना, वारा असा की बोलायला तोंड उघडलं तर दात दुखावेत. दुपारच्या नमाजानंतर घाटातून गाड्यांची रांग वर आली. मी मोजल्या. एकोणीस. आणि एकीचाही आवाज नाही!

खरं सांगतो, मला त्या गाड्या आवडतच नाहीत. गाडीने आवाज करावा.

कुतैबा उतरला तो घाबराघुबरा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, वाटेत हायवेवर चार्जिंगचं एकच यंत्र आहे, आणि तेही बंद. थंडी, चढ, वरून सगळ्यांनी आत हीटर लावलेले. बॅटऱ्या तळाला गेल्यात. परत कसं जायचं, कळत नाही. पण कुणाला बोलू नका हं. मागणी घालायला आलो आणि आधी वीज मागितली असं नको व्हायला."

तो बोलला नाही, मीही बोललो नाही, पण दैफल्लाभाऊला कुणी सांगावं लागत नाही. पाहुण्याच्या गाडीत लाल दिवा लुकलुकताना त्याने पाहिला आणि तो माझ्यावरच धावून आला. "वायरी काढ. सगळ्या लाव."

"सगळ्या? भाऊ, एक गाडी म्हणजे एका घराचे सगळे हीटर. एका वेळी चार लावू. चारांचं झालं की पुढच्या चार."

"म्हणजे चौघांना वाढायचं आणि पंधराजणांना ताटकळत ठेवायचं? कुठली रीत ही? माझ्या मुलीच्या मागणीला?"

"डीपी उडेल."

"मग तू कशाला आहेस? सव्वीस वर्षं पगार कशाचा खातोस?"

एवढ्यात शेजारीपाजारी बाहेर आले होतेच. आमच्याकडे जाहा एका घराची नसते, गावाची असते. त्यामुळे गाड्या वाटून घ्यायला सुरुवात झाली. "ही पांढरी माझ्याकडे," अबू हमद म्हणाला. "का म्हणून? ती माझ्या दारात उभी आहे, माझी पाहुणी आहे," पलीकडची उम्म राकान खिडकीतून ओरडली, आणि तिने सरळ वायर खाली सोडली. पाहुणे नको नको म्हणत होते आणि आमचे लोक त्यांच्या हातून प्लग ओढून घेत होते. मान जपायचा होता, त्यात फ्यूजचा विचार कोण करतो? पाहुण्यांचे पुढारी नाइल बाशा, सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांची गाडी आमच्याच दारात होती. तिला मी स्वतः काकांच्या खिडकीतून लांब वायर टाकून जोडली, सगळ्यात आधी.

दहा मिनिटांत वीज गेली.

आत काकांना मंडळींमध्ये नेऊन बसवलं होतं, मशीनसकट. मागणीला उत्तर देण्याचा मान घरातल्या सगळ्यात वडील माणसाचा, तो त्यांचाच. मी नळी सिलिंडरवर लावली आणि पळत खांबाकडे गेलो. डीपीला हात लावला तर चटका बसला. वरून तेलाचा वास येत होता. फ्यूज उडाला होता, म्हणजे त्याने त्याचं काम चोख केलं होतं. खरं तर मी खाली येऊन सांगायला हवं होतं की अर्ध्या गाड्या काढा. तेवढंच करायचं होतं.

पण माझ्या डोळ्यांसमोर दैफल्लाभाऊचा चेहरा आला. पाहुण्याच्या गाडीची वायर माझ्याच घरचा माणूस उपटतोय, हे सगळ्यांदेखत! ते माझ्याच्याने झालं नाही. पिशवीत फ्यूजची बारीक तार होती. तिच्याशेजारी जाड तांब्याची होती, फ्यूजसाठी कधीच न वापरायची. नव्या पोरांना मी शिकवताना पहिल्याच दिवशी हे सांगतो. मी ती जाड तार काढली, दुहेरी केली आणि आवळली. दोन तासांचा तर प्रश्न आहे, असं मनाशी म्हणालो. वीज आली. खालून लोकांनी मला शाबासकी दिली आणि मी ती घेतली.

काकांच्या मशीनची घरघर सुरू झाली. सिलिंडरचा काटा मी पाहिला. लाल रेघेला टेकला होता.

मग बाशा उठून उभे राहिले. त्यांच्यापुढे कॉफीचा छोटा पेला ठेवला होता. त्याला त्यांनी हात लावला नाही, कारण मागणी मान्य झाल्याशिवाय पाहुणा कॉफी पीत नाही. ते म्हणाले, "हाजी सायेल, तुमच्या घराण्याची लेक आमच्या कुतैबासाठी मागायला आलोय. तुम्ही हो म्हणाल तर ही कॉफी आमची."

काका हसले. श्वास भरून घ्यायला थांबले. तेवढ्यात बाहेर स्फोट झाला.

तो आवाज मी सांगू शकत नाही. खिडक्यांची तावदानं थरथरली. बायका आत किंचाळल्या. मी दारात आलो तर डीपीवर काळ्या धुराचा लोट होता आणि जळतं तेल खांबावरून खाली ओघळत होतं. मी नुसता उभा राहिलो. सव्वीस वर्षांत माझ्या चुकीने साधा एक दिवाही उडाला नव्हता. फ्यूज उडाला असता तर पाच मिनिटांत बसवला असता. डीपी गेली, म्हणजे दुसरी आणायला दोन दिवस. आणि हे मी केलं होतं, माझ्या या हातांनी.

मागे मशीन किंचाळायला लागलं. वीज तुटल्याची बारीक, लांब, न थांबणारी शिट्टी.

काकांना सिलिंडरवर घेतलं. दैफल्लाभाऊने रुग्णवाहिकेला फोन केला. घाटात बर्फ आहे, तासाच्या आत पोहोचत नाही, असं उत्तर आलं. सिलिंडरमध्ये दहा मिनिटांचाही ऑक्सिजन नव्हता. काटा खाली जात होता, तसे काकांचे ओठ निळे व्हायला लागले. त्यांनी माझा हात धरला होता आणि ते माझ्याकडेच बघत होते.

"गाडीत घाला, खाली नेऊ!" कुणीतरी ओरडलं.

"कुठल्या गाडीत?" दैफल्लाभाऊ म्हणाला. "घाट उतरेपर्यंत तासभर जाईल. ऑक्सिजनशिवाय?"

आणि कुतैबाने विचारलं, "मशीनला वीज किती लागते?"

मला राग आला. ही काय वेळ आहे? "काय करायचंय तुला? एका हीटरच्याही पाव हिश्शाची! पण आहे कुठे?"

तो धावत सुटला. मी खिडकीतून पाहिलं, तो एकेका गाडीचं दार उघडून आत डोकावत होता. "माझीत आठच टक्के... दहाच्या खाली ही देत नाही... हिच्यात सोयच नाही..." मग बाशांच्या गाडीतून त्याने हाक मारली. "चौदा! चौदा टक्के आहेत! काका, वायर उलटी करून आणा!"

मला कळेना, हा काय म्हणतोय. त्याने डिकीतून हाताएवढा एक जोड काढला. त्यांच्याकडची पोरं सहलीला जाऊन रानात त्यावर चहा उकळतात म्हणे. तो गाडीच्या तोंडाला लावला, की गाडीतून वीज बाहेर येते. मी वायरमन माणूस, आणि मला हे ठाऊक नव्हतं! आम्ही दोघांनी वायर उलटी केली. जिच्यातून मी गावाची वीज गाडीला पाजली होती, तीच आता गाडीकडून आत आली. प्लग कुतैबाने लावला.

मशीन घरघरलं.

सगळे काकांच्या छातीकडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांच्या ओठांचा निळा रंग उतरला. "किती वेळ पुरेल?" मी विचारलं. कुतैबा म्हणाला, "एका टक्क्यावर तास दीड तास." एका टक्क्यावर! ज्या माणसाला एवढीशी वीज हवी होती, त्याची वीज मी एकोणीस गाड्यांना वाटली होती.

मग जे झालं त्याने मी पुरता हादरलो. नाइल बाशा काकांसमोर आले आणि मान खाली घालून म्हणाले, "हाजी, आज आमच्यामुळे तुमच्या घरात मरण येऊन गेलं. आमच्या गाड्यांनी तुमचं गाव अंधारात घातलं. असल्या तोंडाने आम्ही तुमची लेक कशी मागू? शब्द मागे घेतो. गाडी इथेच राहू दे. आम्ही निघतो."

कॉफीचा पेला तसाच भरलेला होता. पाहुणे उठायला लागले. पडद्यामागे हनूफचा हुंदका मला ऐकू आला. दैफल्लाभाऊ पांढरा पडला होता. कुतैबा दाराशी उभा होता आणि मान डोलावत होता, खरंच चूक आपली आहे असं समजून. त्याने तर वीज मागितलीच नव्हती, उलट कुणाला बोलू नका म्हणून मला आधीच सांगितलं होतं. आपल्या घरात, आपल्या चुकीचं ओझं पाहुण्याने डोक्यावर घेऊन जायचं? गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. तार तर जळून गेली होती.

"बसा," मी म्हणालो. "गाड्यांनी काही केलं नाही. गाड्यांनी फ्यूज उडवला होता, आणि फ्यूज त्यासाठीच असतो. मी वर जाऊन त्यात जाड तार घातली. दुहेरी. डीपी जळेल हे मला माहीत होतं. काकांचा सिलिंडर संपत आलाय, हेही मला माहीत होतं."

"काय बोलतोस तू हे?" दैफल्लाभाऊने विचारलं.

"खरं तेच. तुझं नाक वर राहावं म्हणून केलं. माझंही."

एकोणीस गाड्यांची माणसं आणि आमचं सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. अबू हमदने तोंडावर हात ठेवला. ज्या पोरांना मी काम शिकवलं त्यातला एक तिथे होता, त्याने मान फिरवली. काकांकडे बघायची माझी हिंमत नव्हती, पण बघावं लागलं. ते रडत नव्हते, रागावलेलेही दिसत नव्हते. त्यांनी दोन बोटांनी बाशांना बसायची खूण केली.

"बाशा," ते एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "तुम्ही अजून माझी कॉफी प्यायला नाहीत. मी मात्र तुमची वीज पीत बसलोय. आता नाही कसं म्हणू?" कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं. "मुलगी तुमची. मिझल, ही थंड कॉफी फेक. गरम आण."

मिझल माझा चुलतभाऊ. किटली घेऊन तो बाशांपासून सुरू झाला, मग कुतैबा, मग एकेक पाहुणा, मग आमचे. बाहेर घाटात रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू यायला लागला होता. मिझल माझ्यापुढे आला, पेल्यात कॉफीची धार धरणार, तेवढ्यात काकांनी हात वर केला.

"त्याला नको."

मिझलने किटली उचलली आणि तो पुढच्या माणसाकडे गेला. मी पुढे केलेला हात तसाच राहिला. आमच्याकडे याच्यापेक्षा मोठी शिक्षा नाही, आणि ती ज्याला मिळते त्याच्याशी कुणाला काही बोलावं लागत नाही.

कंपनीने मला खांबावरून काढून गोदामात बसवलं. नवी डीपी आली, जुनीच्या दुप्पट. हनूफचं लग्न उन्हाळ्यात झालं. काका घरी आहेत आणि त्यांच्या उशाशी आता तीन भरलेले सिलिंडर असतात. दर रविवारी ते मीच मआनहून भरून आणतो. शुक्रवारी नमाजानंतर सगळे काकांकडे जमतात, मीही जातो. कडेला बसतो. मिझल किटली घेऊन फिरतो आणि माझ्याजवळ आला की न थांबता पुढे जातो. मी हात पुढे करत नाही. मशीनची घरघर ऐकतो आणि ती चालू आहे तोवर बसून राहतो.