गजराजचा मास्टर सिलेंडर

निळा थेंब होता. बिडाच्या काळ्या, तेलकट अंगावर, बोल्टाच्या भोकाजवळ, निंबोळीएवढा, खालच्या बाजूला किंचित ओघळलेला… प्रसेनजितने अंगठ्याने घासून पाहिले. ग्रीस निघाले, थेंब निघाला नाही. उलट जास्तच निळा दिसायला लागला. त्याने अंगठा पँटला पुसला, उगाच पुन्हा पुसला, आणि तोवर त्याला तो थेंब ओळखू आला होता.

"काय पाहून राह्यला बे एवढं? पोरगी पाह्याले आला का?" रहेमतुल्ला हसला. मेहकरात जुन्या गाड्या खोलून त्यांचे सुटे भाग विकण्यात त्याची दाढी पांढरी झाली होती. "गजराजच्याच ब्रेकचा मास्टर सिलेंडर आहे. पाच तालुक्यांत दुसरा भेटला तर मले सांग, दुकान तुह्या नावानं करून देतो."

"कोणाच्या गाडीतला, चाचा?"

"भगवानरावच्या. घाटात पडली ना, तीच. पोलिसांनी सोडली, परवाच आणली मी तोडाले."

प्रसेनजितने सिलेंडर खाली ठेवला नाही.

गजराज ही मागे माणसे-माल भरायची गाडी कंपनीने बनवायची बंद केली त्याला बारा वर्षे झाली. बंद करताना कोणाला विचारले नाही, आणि का विचारतील — ज्यांनी ठरवले त्यांच्यातल्या एकानेही आपली बायको वीस बायांसोबत गजराजमध्ये कोंबून सोयाबीन सोंगायला पाठवलेली नसते. शोरूममधल्या टायवाल्याने कम्प्युटरवर बोटे मारली आणि "येत नाही आता" असे हसून सांगितले, जणू आंब्याचा हंगाम संपला. खामगाव झाले, चिखली झाली, अकोल्याला दोन खेपा झाल्या. दुसऱ्या गाडीचा सिलेंडर बसत नाही, भोके जुळत नाहीत. आणि इकडे आठ दिवसांपासून त्याच्या स्वतःच्या गजराजचे ब्रेकचे पेडल पहिल्या दाबाला सरळ तळाला टेकते, दुसऱ्याला थोडे धरते, तिसऱ्याला गाडी थांबते. तिसऱ्यापर्यंत समोरचा माणूस जागेवर नसला तर बरे. रोज सकाळी डोणगावच्या पुढच्या मळ्यांवर जाणाऱ्या बाया मागे बसतात, एकमेकींच्या सासवांची नक्कल करतात, तंबाखू मळतात… त्यांच्यात धम्मशीला असते, त्याची बायको. तिला एवढेच सांगितले आहे की गाडीचे थोडे काम निघाले.

आणि हा थेंब. तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. जयंतीच्या मिरवणुकीत आपली गाडी सगळ्यात पुढे राहणार म्हणून त्याने दिवसभर उन्हात उभे राहून बॉनेटला निळा रंग मारला होता, आतल्या कडेला ब्रश फिरवताना थेंब खाली पडला — याच सिलेंडरवर, बोल्टाच्या भोकाजवळ. धम्मशीला म्हणाली, "पुसून घ्या ना, वाळल्यावर निघत नाही तो." तो म्हणाला, "राहू दे. आतून बी निळीच पाह्यजे आपली गाडी." दोघे हसले होते. पुढच्या महिन्यात पेडल बसायला लागले. नशिबाने खामगावच्या भंगारात एक बरा सिलेंडर सापडला, तो बसवला, आणि हा काढून इथे आणून दिला, इथेच, या टपरीत, याच माणसाला. रहेमतुल्लाने विचारले होते, चालू आहे ना बे? आणि मी म्हणालो —

नाही. म्हणाला नव्हता काही. मान हलवली होती फक्त. मान हलवणे म्हणजे काही बोलणे नव्हे, आणि रहेमतुल्लाने खोलून पाहायला नको होते का, धंदा त्याचा आहे की माझा… म्हणालो होतो. "चालते" म्हणालो होतो. भंगाराचा भाव वेगळा आणि चालत्या मालाचा वेगळा, आणि त्या दिवशी मला चालत्याचा पाहिजे होता.

"पडाच्या महिनाभर आंधी भगवानरावले मीच देल्ला होता हा," रहेमतुल्ला सांगत होता. "तुह्यासारखाच गाव-गाव फिरला होता बिचारा. ओके माल आहे."

बिचारा. आज रहेमतुल्लाच्या तोंडी बिचारा आला. गेल्या नोव्हेंबरात घाटाच्या उतारावर भगवानरावची गजराज कठड्यावरून खाली गेली तेव्हा त्याला बिचारा कोणी म्हटले नव्हते. नऊ बाया जखमी झाल्या आणि चांगुणा गेली — प्रसेनजितच्या घरासमोर राहणारी चांगुणा, तिच्या मयतीला त्याने पुढचा खांदा दिला होता. भगवानराव सरकारी दवाखान्यात पायाला वजन लटकवून पडला होता आणि येईल त्याला सांगत होता की पेडल खाली गेले, सरळ खाली गेले, हातात काही राहिलेच नाही. कोण ऐकतो? वरून खाली पडलेल्या गाडीत सगळेच तुटलेले असते. मग पोलिसांचा जमादार वस्तीत आला. समाजमंदिराच्या ओट्यावर बसून त्याने विचारले, हा भगवानराव पितो का? आणि प्रसेनजितच म्हणाला होता, "घेते कधीकधी." घेतो तो कधीकधी, खोटे नव्हते ते. कोण घेत नाही? पण जमादाराने ते लिहून घेतले. सोमवारी कोर्टात भगवानरावची तारीख आहे, आणि गावात सगळ्यांना निकाल आधीच माहीत आहे — दारू पेला अन् बाई मारली.

प्रसेनजितला घाम आला. जानेवारीत.

त्याला एकदम ते कपाशीचे बोंड आठवले. कुठून आठवले कोण जाणे, आठवायला नको होते. स्वतःच्या दोन एकरातले, दिवाळीच्या तोंडचे, वरून हिरवेगार टणटणीत. नखाने फोडले तर आत गुलाबी अळी आरामात पसरलेली, जणू तिच्या बापाचे घर. बियाण्याच्या पाकिटावर छापले होते अळी लागत नाही. कृषी केंद्रवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितले होते, लागतच नाही. प्रसेनजित तसलेच दुसरे बोंड मुठीत घेऊन त्याच्या दुकानात गेला होता आणि काउंटरवर फोडले होते, अळी त्याच्या बिलबुकावर वळवळली. तर तो नारायणराव, गंध लावलेला, काय म्हणाला? "वरून सांगतलं तसं आम्ही सांगतलं, भाऊ. आम्ही काय बोंडात शिरून पाह्यलं?" त्या दिवसापासून प्रसेनजित त्याला रोज शिव्या देतो. चहाच्या टपरीवर देतो, गाडी चालवताना देतो, नुकसानीच्या अर्जाच्या रांगेत तर इतक्या दिल्या की मागचे लोक टाळ्या वाजवत होते. चोर म्हणाला, खुनी म्हणाला. माहीत असून विकणारा माणूस…

माहीत होते का मला? नारायणरावाला कदाचित खरेच माहीत नसेल. माझ्या तर पायाखाली होते. रोज पायाखाली जात होते ते पेडल.

"चाचा, खोलून पाहा एकदा."

"काऊन? माह्यावर भरोसा नाही?"

"बाया बसतात मांगं."

का म्हणाला असे? घेऊन जायचा होता, गुपचूप, रस्त्यात पुलावरून पैनगंगेत टाकायचा होता. पण तोंडातून निघून गेले. रहेमतुल्लाने तोंड वाकडे केले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, मागचे लॉक उचकटले आणि सिलेंडर लाकडी ठोकळ्यावर आपटून पिस्टन बाहेर काढला. रबरी वाशरची कड कुरतडल्यासारखी झिजलेली होती. आत नळीत त्याने करंगळीचे नख फिरवले. एकदा फिरवले, मग सावकाश परत फिरवले. चेहऱ्यावरची थट्टा निघून गेली.

"पडल्यानं बाहेरून फुटते," तो हळू म्हणाला. "आतून असं घासत नाही. हे जुनं आहे."

प्रसेनजितने झिजलेला वाशर उचलून बोटांत फिरवला.

"म्हंजे खोटं नव्हता बोलून राह्यला भगवानराव," रहेमतुल्ला म्हणाला.

मागे जालन्याचा ट्रक उभा होता. महिन्यातून एकदा येतो, मेहकरचे सगळे मेलेले लोखंड उचलतो आणि भट्टीत नेतो. ट्रकवाला वर चढून ताडपत्री ओढत होता. "चाचा, बिडाचं आखीन काही आहे का? दोरी बांधतो मी."

"थांब जरा." रहेमतुल्लाने चष्मा काढला. "मी बी खोलून पाह्यलं नव्हतं तवा. आणणाऱ्यानं चालते सांगतलं, मी पुढं चालते सांगतलं." मग त्याने प्रसेनजितकडे पाहिले, जरा जास्तच वेळ पाहिले. "कोण आणला होता रे हा? तुले काही आठोते?"

रहेमतुल्लाला आठवते. नक्कीच आठवते. या माणसाला कोणत्या गाडीचा गिअर कोणत्या गावात फिरून राहिला ते पाठ आहे, याला माझे आठवणार नाही? की खरेच नाही आठवत… शेकडो माणसे येतात. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काय आहे ते प्रसेनजितला दिसेना. त्याला वाटले त्या डोळ्यांत भीती आहे. पण भीती माझ्यासाठीची की स्वतःसाठीची?

"नाही," तो म्हणाला.

"मले बी नाही." रहेमतुल्लाने पिस्टन परत नळीत ढकलला आणि सिलेंडर त्याच्या हातात दिला. "तुह्या गाडीले तर हा चालत नाही. मंग ट्रकमंधी टाकून दे. भट्टीत गेला का विषय संपला. तुहा बी, माहा बी."

तुहा बी. म्हणजे आठवते.

ट्रक दहा पावलांवर होता. मागचे फाळके अजून उघडे, आत ड्रम, सायलेन्सर, अर्धे तुटलेले इंजिन, आणि वर ट्रकवाला कंबरेवर हात ठेवून उभा. "टाका भाऊ लवकर, सिंदखेडराजाच्या आंधी जेवाचं आहे मले." प्रसेनजित तिथपर्यंत गेला. हात वर उचलला. सोपे होते. सोमवार येईल आणि जाईल, भगवानराव लंगडत कोर्टाच्या पायऱ्या चढेल आणि पुन्हा तेच सांगेल, पेडल खाली गेले, आणि वकील हसेल, आणि आपण त्या दिवशी दुसऱ्या गावात असू. कोणाला काही कळणार नाही. धम्मशीलाला नाही, चांगुणाच्या पोरांना नाही…

त्याने तोंडात शिवी शोधली. अशा वेळी त्याच्या तोंडात नेहमी एक शिवी तयार असते — कंपनीला, सरकारला, नारायणरावाला, टायवाल्याला. तीच पुढे येते, ती आली की छाती मोकळी होते आणि माणूस पुढचे काम करू शकतो. आज एकही येईना. एकेक आठवून पाहिली. प्रत्येकीवर दुसऱ्याचे नाव लिहिलेले होते. स्वतःला द्यायची शिवी त्याला कोणी शिकवलीच नव्हती, आणि तिच्याशिवाय त्याची छाती भरत चालली होती, भरत चालली होती.

"टाकता का नाही?" वरून ट्रकवाल्याने विचारले.

हात वर तसाच होता. दुखायला लागला होता. मागे रहेमतुल्ला उभा होता, आणि प्रसेनजितला वळून त्याच्याकडे पाहायची हिंमत होत नव्हती. हिंमत नाही, हे त्याला स्वतःबद्दल आज पहिल्यांदा कळत होते, आणि तरीही बोटे काही केल्या उघडत नव्हती.