खुर्ची रिकामी ठेवायची नाय

ये रे जनू, ये. गाडी लागली ना काट्याला? मग भरेपर्यंत बस इथं, त्या पिंपावर. मी उठत नाय, राग मानू नको. का ते कळेलच. तुला एक गोष्ट सांगतो, आज सकाळपासनं इथंच घडलेली. अजून वाफ निघतेय तिच्यातनं.

आपला प्रज्वल माहितीय ना? बदलापूरच्या शिरगावचा, कारखान्याचे कॉम्प्युटर बघतो तो. याच केबिनमध्ये, याच खुर्चीत बसतो. आज दुपारी त्याचा साखरपुडा. मुलगी वांगणीची, माधवी. हॉल घेतलेला, आचारी सांगितलेला, घरात पाहुण्यांना पाय ठेवायला जागा नाय. आणि नवरदेव इथं मोरिवलीत, रंगाच्या पिंपांत.

झालं काय, की काट्यावर पिंप चढलं की वजन आपोआप मशीनमध्ये, म्हणजे या कॉम्प्युटरात जातं, लेबल छापून बाहेर येतं. लेबल चिकटल्याशिवाय माल गेटबाहेर नाय. हे करणारे प्रोग्राम मशीनच्या आत आपापल्या डब्यात बसलेले असतात. कंटेनर बोलतात त्यांना. इतकी वर्षं ते डबे डॉकर सांभाळायचा. डॉकर म्हणजे घरगडी समज. मालक घरात असो नसो, गडी राबतोच. पण त्याच्या कमरेला सगळ्या घराच्या चाव्या. मोठ्या गिऱ्हाईकाची माणसं तपासायला आली, ती बोलली, हे चालणार नाय. सेठनं प्रज्वलला सांगितलं, बदल. त्यानं पॉडमन आणला. तिथं गडीच नाय, चाव्या पण नाय. ज्याचे डबे त्यानं सांभाळायचे.

काल पोरानं सगळं हलवलं. जेवायला गेला, चहाला गेला, मागं जाऊन आला, सगळं चालू. खुश झाला. कारखाना सुटला तसा घरी गेला.

आज सकाळी हा दाढी करतोय, तर वेणूबाईचा फोन. लेबलवाली वेणूबाई.

"बाळा, नवरदेव झालास माहितीय. पण इथं लेबल निघत नाय, काटा मेलाय, गाड्या उभ्या."

अर्धी दाढी तशीच ठेवून बाईकवर आला. बघतो तर सगळे डबे बंद. चालू केले. चालले. निघाला. बदलापूरच्या हद्दीत शिरतोय तोच परत फोन. परत आला. परत सगळं बंद. चालू केलं, आणि पुढ्यात बसून राहिला. एक पिंप अडकलं नाय.

"तुझं हे नवीन लेकरू आईवेडं आहे रे," वेणूबाई बोलली. "मांडीवर घेतलं की गप्प, खाली ठेवलं की भोकाड."

सगळे हसले. प्रज्वलला रडायला येत होतं. चूक कुठंय तेच दिसत नव्हतं. कपाळावर घाम, गालावर अर्धा साबण. हा बसला की चालतंय, हा उठला की पडतंय, आणि तिकडं आचाऱ्यानं पुरीचं तेल तापवलेलं.

शेवटी म्हटला, जाऊ दे, जे होईल ते होईल. गेटवर गेला. तिथं वॉचमन बाळाजी.

"स्क्रीन बंद केलीस का?"

सेठचा कायदाच आहे तो. मागं कुणीतरी उघड्या स्क्रीनवर बसून खोटं चलन काढलं होतं. तेव्हापासनं गेटबाहेर पाऊल टाकायचं तर आधी लॉगआऊट. केबिनच्या खिडकीतनं बघितल्याशिवाय बाळाजी दांडा उचलत नाय. चहा आणि जेवण गेटच्या आत, तिथं कोण विचारतो?

प्रज्वलनं हात कपाळाला लावला. "काका, मी बंद करून निघतो म्हणूनच ते पडतंय!"

धावत आत आला. अरे, ते डबे त्याच्या नावावर चालतायत ना! तो लॉगआऊट झाला की मशीन समजतं धनी गेला, बिऱ्हाड उचला. उपाय एका ओळीचा. मशीनला सांगायचं, मी गेलो तरी माझं बिऱ्हाड राहू दे. त्यानं ओळ टाकली. मशीननं मोठा पासवर्ड मागितला. तो सेठकडे. चाव्या काढून घेतल्या त्या सगळ्या सेठच्याच खिशात गेल्या की! जुना डॉकर परत लावायचा तरी तोच पासवर्ड. आणि सेठ उल्हासनगरला, डोळ्याचं ऑपरेशन करून पडलेला. फोन सेठाणीनं उचलला.

"पट्टी लगी है बेटा, सो रहे हैं. कल करना."

ठेवतो तोच आण्णांचा. त्याचा बाप. "वांगणीची माणसं आली. तू कुठंयस? कसला आवाज येतोय?"

"पिंपांचा, आण्णा."

"तुझी आई काय बोलतेय ऐकवू का?"

"नको."

मग माधवीचा. पोरगी शांत. शांत बाईला घाबरावं.

"हे बघ, मी नको असेन तर आत्ता सांग."

"नको कुठं बोललो? अडकलोय गं."

"कशात?"

काय सांगणार? "खुर्चीत," बोलला.

मग ती बोलते, "मग खुर्ची घेऊन ये."

त्यानं फोन ठेवला, खुर्चीकडे बघितलं, आणि तडक बाळाजीकडे गेला.

"काका, खुर्ची रिकामी तर स्क्रीन बंद, असंच ना? भरलेली असली तर?"

बाळाजीनं तंबाखू चोळली, टाकली, विचार केला. "भरलेली असली तर मी कशाला बघू?"

आता भरायची कुणी? वेणूबाईचे हात लेबलात, हमाल पिंपांवर. मी नेमका गाडी भरून पावतीला थांबलेलो. खांदे धरून बसवलं मला. "मामा, नुसते बसा. काय विचारलं तर नाय म्हणा." गेला तो गेलाच.

मघाशी फोटो आला. अंगठी आहे, माधवी हसतेय, आणि याच्या एका गालावर दाढी तशीच. पण सुटला म्हणतोस? दर थोड्या वेळानं फोन येतो. "मामा, आहात ना?" अंगठी घालताना पण जीव इथं.

आणि माझा जीव कुठंय सांगू? सकाळपासनं चहा पितोय मी, जनू. बाळाजी खिडकीतनं बघतोय बघ, खुर्ची रिकामी दिसली की येऊन स्क्रीन बंद करायला लावणार. तुझी पण गाडी भरतेय, हे बंद पडलं तर तू पण इथंच अडकणार. म्हणून सांगतो, जरा इकडं सरक. मी उठायच्या आत तू टेक, हां, असा. मी मागं जाऊन येतो. तेवढं बस, आणि माऊसला हात लावू नको.