पर्यायी व्यवस्था

दुरुस्तीवालीने जुन्या कीबोर्डची जाडजूड गोल पिन काडेपेटीएवढ्या डबीत बसवली, डबीतून निघालेली बारीक वायर नव्या कॉम्प्युटरला जोडली आणि म्हणाली, "दाबा ताई. कुठलंही."

टंकलेखिका बाईंनी एक बटण दाबलं. खट्. पडद्यावर एक आकडा उमटला.

"आला!" साहेबांनी टाळी वाजवली. "मी म्हणत नव्हतो? बाई, तुमची गाडी रुळावर आली बघा."

बाई हसल्या. हसणं भागच होतं.

मागच्या सोमवारी जुन्या कॉम्प्युटरमधून धूर निघाला तेव्हा सगळी कचेरी धावली होती. बाई तेवढ्या जिन्यात उभ्या राहून नवऱ्याला फोन करत होत्या. "अहो, सुटले बहुतेक."

नवरा आठ तासांच्या अंतरावर. नऊ वर्षं त्यांचा संसार महिन्यातल्या दोन रविवारांवर चालला होता. यंदा त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. गेल्या महिन्यात रिकामं पातेलं गॅसवर तासभर जळत राहिलं, आणि ही गोष्ट त्याने हसत हसत सांगितली. बाईंनी बदलीचे पाच अर्ज केले होते. पाचही एकाच शेऱ्यानिशी परत आले : पर्यायी व्यवस्था होईपर्यंत विनंती मान्य करता येत नाही.

सगळ्याचं मूळ हा कीबोर्ड. जमिनींच्या नोंदींसाठी मुद्दाम घडवून घेतलेला. अक्षरांशिवाय त्यात खुणा होत्या : सामाईक वाट, बुजलेली विहीर, पडकं कुंपण. दोन-दोन, तीन-तीन बटणं एकदम दाबली की खूण उमटायची. बटणांवरची छपाई कधीच झिजून गेली होती आणि माहितीपुस्तक कपाटं हलवताना कुठेतरी गडप झालं होतं. उरली होती फक्त बाईंची बोटं.

"यांच्याशिवाय इथलं पान हलत नाही," साहेब दुरुस्तीवालीला कौतुकाने सांगून आपल्या खोलीत गेले.

एकेक बटण तपासायचं होतं. बाई दाबत गेल्या, आकडे उमटत गेले. एकाही बटणाने दगा दिला नाही. चौथ्या ओळीत बाईंचं बोट एका बटणावर नुसतं टेकलं आणि उचललं गेलं.

"हे गेलंय वाटतं," त्या म्हणाल्या.

दुरुस्तीवालीने वाकून आपल्या बोटाने तेच बटण दाबलं. आकडा आला. चष्मा कपाळावर सरकवून तिने आधी खोलीचं दार लोटलं.

"कुठे जायचंय ताई तुम्हाला?"

बाईंचे कान तापले. पण एकदा तोंड उघडल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, पातेल्यापर्यंत.

"मग सोपं आहे की," दुरुस्तीवाली म्हणाली. "ही डबी नुसती जोडत नाही, लक्षातही ठेवते. कुठल्या बटणांनी कुठली खूण येते ते मला सांगा, मी आत भरते. एकेका खुणेला एकेक बटण, वर चिकटपट्टी. उद्या कुणीही येऊन बसेल. दुपारभराचं काम. मग तुम्हाला अडकवून ठेवायला यांच्याकडे निमित्तच राहणार नाही."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "आज उशीर झालाय नाही?"

साडेबारा वाजले होते.

"इतक्या वर्षांत कुणाला शिकवलं नाहीत?" वही उघडता उघडता दुरुस्तीवालीने विचारलं.

"एकीला पाठवलं होतं. दोन महिने बसली माझ्याशेजारी." बाईंनी कीबोर्डवरची नसलेली धूळ पदराने पुसली. "तिला नाही जमलं."

मग त्या सांगू लागल्या. सामाईक वाट. बुजलेली विहीर. दुरुस्तीवाली लिहीत होती, डबीत भरत होती, करून बघत होती. तिच्या अनोळखी, आखूड बोटांखाली विहिरीची खूण पहिल्याच फटक्यात उमटली. ती खूण हाताला बसायला बाईंना एक अख्खा उन्हाळा लागला होता. चार वाजेपर्यंत एकतीस खुणा झाल्या.

"अजून काही?"

अजून एक होती. वादातली हद्द. मूळ कीबोर्डात ती नव्हतीच. तीन बटणांचा मेळ जमवून बाईंनी स्वतः शोधून काढली होती. ती असलेला कागद टेबलावर आला की साहेबसुद्धा खुर्ची ओढून शेजारी बसत.

"एवढंच," बाई म्हणाल्या.

दुरुस्तीवालीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि वही मिटली. साहेबांनी तिच्या बिलावर सही केली. ती गेली. खोलीत कीबोर्ड होता, डबी होती आणि बाई होत्या. त्यांनी सवयीने खुर्ची पुढे ओढली. उद्या नाही तर परवा वादातल्या हद्दीचा कागद येणार होता. नवा माणूस बटणं धुंडाळणार, साहेब दारात येऊन म्हणणार, बाई, तुम्हीच या. पाच अर्ज नामंजूर झाले तेव्हा पाचही वेळा त्या घरी जाऊन रडल्या होत्या. आणि पाचही वेळा दुसऱ्या दिवशी इथे बसताना पाठ ताठ झाली होती.

फोन वाजला. नवरा.

"काय गं, झालं का काही?"

"होतंय," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ठेवा जरा," आणि चपला न घालताच जिना उतरल्या.

दुरुस्तीवाली स्कूटर सुरू करत होती.

"एक राहिलं," बाईंना धाप लागली होती. "वादातली हद्द. ती... थांबा..."

आणि त्यांना सांगताच येईना. शब्दांत ती कधी नव्हतीच. कुठली ओळ, कितवं बटण, काहीच आठवेना. दुरुस्तीवालीने स्कूटर बंद केली, स्टँडवर लावली आणि खाली उतरून बाजूला झाली.

बाईंनी स्कूटरच्या तापलेल्या सीटवर दोन्ही हात ठेवले. डोळे मिटले. डाव्या हाताची दोन बोटं रोवली गेली, आणि उजव्या हाताची करंगळी लांब, पार कडेला जाऊन टेकली.

"तश्शाच राहा," वही काढत दुरुस्तीवाली म्हणाली. "हलू नका."