झाकणाचं भांडं

सारी वस्ती त्यांना भिंगवाले म्हणायची. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं त्यांचं काम एकच. तळ्याच्या पाण्याचे थेंब काचेच्या ताटलीत घालायचे, ताटली उबेच्या पेटीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उगवलेले ठिपके मोजायचे. एकेक ठिपका म्हणजे जंतूंचं भरलं गोकुळ.

त्या दिवशी मुलाशेजारी जेवायला बसता बसता ते म्हणाले, "आज मोजून मोजून डोळे फुटायची वेळ आली. वर कळवलंय. पण वरच्यांना जाग येईपर्यंत घरात थेंब न् थेंब उकळूनच प्यायचा!"

"उकळतोय की महिनाभर," आजी म्हणाल्या. "तुमचे जंतू मरतात आणि माझा गॅस संपतो."

सगळे हसले. सहा वर्षांची नात ठकी मात्र विचारात पडली होती. "आजोबा, तुमच्या भांड्यात जंतू नाहीत. मग आमच्या भांड्यात आहेत?"

"अगं वेडाबाई, घर एक, पाणी एक! त्यात आमचं-तुमचं कसलं?"

ठकीच्या आईने मान खाली घातली. आजींनी नातीला डोळ्यांनीच दटावलं.

त्या घरात भांडी दोन होती. ओट्यावरच्या झाकणाच्या भांड्यात उकळलेलं पाणी, ते पुरुषांचं. ओट्याखालच्या हंड्यात तळ्याचं, जसं आलं तसं, ते बायकांचं. असा हुकूम कुणी काढला नव्हता. गॅस एका भांड्यापुरताच पुरतो, मग चांगलं ते आधी पुरुषांना, हे आजींना त्यांच्या सासूने शिकवलं होतं. साय तशीच वाटली जायची, आता पाणीही. सुनेने एकदा विचारून पाहिलं होतं, "आई, ठकीपुरतं तरी देऊ का?"

"पोरीच्या जातीला कसल्या सवयी लावतेस? मी आजवर हेच प्याले. मेले का?"

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ठकीला ताप भरला. आधी घरगुती औषधं झाली, मग दवाखाना, मग इस्पितळ. तिथे डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "टायफॉइड आहे, फार उशिरा आणलंत. पाणी कुठलं पिते ही?"

"आमच्याकडे उकळूनच पितात," भिंगवाले ठासून म्हणाले. "माझा धंदाच तो."

"तुम्ही पिता, बाबा," सून हळूच म्हणाली. "आम्ही हंड्यातलं पितो."

तीस वर्षं अख्ख्या वस्तीचं पाणी भिंगाखाली पाहणाऱ्या त्या माणसाने घरातल्या ओट्याखाली कधी वाकून पाहिलं नव्हतं. ते तडक घरी गेले, हंड्यातलं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं. दुसऱ्या दिवशी ताटली उघडली, तर पांढऱ्या ठिपक्यांनी गच्च भरलेली. ते मोजत होते. का मोजतोय, त्यांनाही कळत नव्हतं. मोजणी दोनशेच्या पुढे गेली तेव्हा मुलगा दारात येऊन उभा राहिला. इस्पितळातून परत आणलेला ठकीचा फ्रॉक त्याच्या हातात होता. ठकी गेली, हे सांगायची गरज नव्हती.

आजी दिवसभर तो हंडा घासत बसायच्या. मधूनच म्हणायच्या, "मी काय मुद्दाम केलं का हो?" त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. सासूने शिकवलं तेच केलं होतं.

वाचकहो, देवाने तहान देताना बाई कोण नि पुरुष कोण हे पाहिलं नाही. लेकराच्या कोरड्या घशात त्याचंच नाम असतं. त्याने दिलेलं पाणी मात्र भांड्यांत वाटून टाकलं आपण. आज आपल्या हाती पाण्याचा पेला येईल, तेव्हा देणारीला एवढंच विचारा, ती स्वतः कुठलं पिते?

भिंगवाल्यांच्या घरी आता दोन्ही भांडी उकळतात. पहिल्याच दिवशी सुनेने सवयीने झाकणाच्या भांड्यातलं पाणी आधी त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पेला तिच्याकडे परत केला.

"आधी तू पी, बाळ."

तिने पेला ओठांशी नेला. मग खाली घेतला. ठकी जेवायला बसायची त्या जागी तो तसाच भरलेला ठेवून दिला.