वार्षिक तपासणी

डॉक्टरबाईंनी कागद उलटा फिरवून जांभळ्यासमोर ठेवला आणि एका ओळीखाली पेनानं रेघ ओढली.

"लघवीत रक्त आहे. डोळ्यांना दिसणार नाही इतकं थोडं. पण सोबत ज्या पेशी सापडल्यात, त्या चांगल्या नाहीत. मूत्राशयाचा कॅन्सर असू शकतो."

जांभळ्यानं कागद जवळ ओढला. एकतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात टाकीत पावडर ओतून त्याचे तळहात जांभळे पडले होते आणि खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. कागदावर ते ठळक छापलेलं होतं. नाव त्याचं, लघवी त्याच्या बायकोची.

"मला काहीच त्रास नाही," तो म्हणाला.

हे धडधडीत खोटं होतं. चार महिन्यांपासून त्याला अधूनमधून लाल होत होतं आणि त्यानं कुणापाशी ब्र काढला नव्हता. गेल्या तपासणीत टाकीवरच्या दोघांच्या लघवीत असंच काहीतरी सापडलं, तेव्हा त्यांना आधी गेटवर बसवलं, मग घरी. आता दोघंही हयात नव्हते. तेव्हापासून टाकीवरचे सगळे पावडरीपेक्षा तपासणीलाच जास्त घाबरत. जांभळ्यानंही ठरवलं होतं, यंदा निभावून नेऊ, पुढचं पुढे.

म्हणून सोमवारी सकाळी त्यानं रिकामी बाटली बायकोपुढे धरली होती.

"लग्नापासून काय काय मागितलंत," ती म्हणाली होती, "पण ही हौस नवीनच."

"अगं, मला तिथं वेळेवर होत नाही. ताटकळत बसावं लागतं."

"आणि तुम्हाला दिवस गेलेत असं निघालं तर?"

दोघंही पोट धरून हसले होते. तिनं बाटली बाहेरून पुसून, स्वच्छ रुमालात गुंडाळून, डबा द्यावा तशी हातात दिली होती. साध्या सर्दीनंही ती कधी आडवी झालेली त्याला आठवत नव्हती. हिच्याइतकी निरोगी लघवी आख्ख्या गल्लीत सापडायची नाही, अशी त्याची खात्री होती.

"मास्क वापरता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"असतो. गळ्यात."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी नवी बाटली पुढे केली.

"एकदा खात्री करून घेऊ. शेजारी जाऊन आत्ताच द्या. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मी लगेच लिहिते. लवकर कळलंय, वेळ घालवला नाही तर माणूस वाचतो."

आत जाऊन त्यानं कडी लावली. बाटली भरली आणि खिडकीच्या उजेडात धरली. लालसर होती. क्षणभर त्याला सुटल्यासारखं वाटलं. ही दिली की कागद आणि बाटली जुळणार. लबाडी उघडी पडणार नाही, उपचारही होतील. पण चिठ्ठी निघेल ती त्याच्या नावाची. तिला काय सांगून दवाखान्यात न्यायचं? तिला तर काहीच होत नव्हतं. ती घरी भाजी निवडत बसेल आणि तिच्या आत ते वाढत राहील.

पण तिला कशानं व्हावं? ती कारखान्याच्या फाटकापर्यंतसुद्धा कधी आली नव्हती.

त्यानं बाटली बाजूला ठेवून नळ सोडला. हात धुताना बाही भिजली. पांढऱ्या बेसिनमध्ये तिच्यातून जांभळं पाणी ठिबकायला लागलं. त्यानं बाही पिळली, पुन्हा भिजवली, पुन्हा पिळली. रंग थांबेना. मग त्याला रडू फुटलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं नळ तसाच मोठा ठेवला.

बाहेर येऊन त्यानं बाटली टेबलावर ठेवली.

"ही माझी," तो म्हणाला. "आधीची माझी नव्हती. बायकोची होती. चिठ्ठी पहिली तिची लिहा. माझं नंतर बघू."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या बाटलीकडे आणि मग त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"त्याही इथंच कामाला आहेत?"

"नाही. घरीच असते."

"मग त्यांचा या रंगांशी संबंध कसा?"

जांभळ्यानं ओल्या बाहीवर हात ठेवला.

"माझे कपडे धुते," तो म्हणाला. "रोज, हातानं. म्हणते, मशीनमध्ये तुमचा रंग निघत नाही."